वर्ड प्रोसेसरमध्ये पानोपानी येणारा मजकूर आपोआप कसा आणावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंध, अहवाल, नियमावल्या आणि करारनामे तयार करणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने मायक्रोसॉफ्ट वर्डला धरून आहेत. लिबरऑफिस रायटर किंवा गूगल डॉक्समध्ये रीत वेगळी असेल तेथे तसे सांगितले आहे. मेनूंची आणि फील्डांची (म्हणजे मजकूर आपोआप भरणाऱ्या सांकेतिक जागांची) नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. इंग्रजी मेनू असलेल्या संगणकावर ती रोमन लिपीत दिसतील आणि टाइप करायची झाल्यास तशीच करावी लागतील. सर्व उत्तरांमागे धोरण एकच आहे: मजकूर कितीही ठिकाणी दिसणार असला, तरी तो लिहिला जावा एकाच ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे पान, सेक्शन (दस्तऐवजाचा स्वतंत्र मांडणी असलेला भाग), स्टाइल (नाव देऊन साठवलेले मजकुराचे रूप), फाइलची माहिती की एखादी वेगळीच फाइल, एवढे ठरले की कोणते साधन वापरायचे याचा निर्णय सोपा होतो.

१. प्रत्येक पानावर एकच ओळ यायला हवी. ती दर पानावर कॉपी-पेस्ट करण्यावाचून इलाज आहे का?

आहे, आणि कॉपी-पेस्ट तर मुळीच करू नये. मुख्य मजकुरात चिकटवलेली ओळ पानाला बांधलेली नसते. वर दोन परिच्छेद वाढले की ती घसरत पानाच्या मध्यावर येते. पानाच्या वरच्या समासात दोनदा क्लिक केले की हेडर उघडतो आणि खालच्या समासात केले की फूटर. तेथे लिहिलेली ओळ त्या सेक्शनच्या सर्व पानांवर दिसते आणि एका पानावर दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्त होते. पानाचा क्रमांक हाताने न लिहिता 'इन्सर्ट' मेनूतील 'पेज नंबर'मधून घ्यावा. गूगल डॉक्समध्येही हेडर आणि फूटर असेच आहेत; मात्र दस्तऐवज 'पेजलेस' स्वरूपात ठेवला असेल, तर पानेच नसल्यामुळे हेडरही नसतो.

२. मुखपृष्ठावर हेडर नको आहे, पण तिथला खोडला की सगळीकडचा जातो. काय करावे?

हेडर उघडा असताना 'डिफरंट फर्स्ट पेज' या पर्यायावर खूण करावी. त्यानंतर पहिल्या पानाचा हेडर स्वतंत्र होतो आणि तो रिकामा ठेवता येतो. रायटरमध्ये पान-स्टाइलच्या 'हेडर' टॅबमधील 'सेम कंटेंट ऑन फर्स्ट पेज' ही खूण काढावी लागते. हेडर झाकण्यासाठी मुखपृष्ठावर पांढरा चौकोन ठेवण्याची युक्ती काही जण वापरतात. ती टाळावी, कारण मजकूर फाइलमध्ये राहतोच आणि पीडीएफमध्ये शोधला असता सापडतो.

३. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव आणि उजव्या पानावर प्रकरणाचे नाव कसे आणावे?

'डिफरंट ऑड अँड ईव्हन पेजेस' या पर्यायाने सम आणि विषम पानांचे हेडर वेगळे होतात. वर्डमध्ये हा पर्याय एकदा लावला की संपूर्ण दस्तऐवजाला लागतो, तर 'डिफरंट फर्स्ट पेज' प्रत्येक सेक्शनसाठी स्वतंत्रपणे लावता येतो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे बरेच जण एका सेक्शनपुरते सम-विषम हेडर मिळवण्याचा निष्फळ प्रयत्न करत राहतात. ज्या सेक्शनमध्ये दोन्ही बाजूंना एकच हेडर हवा आहे, तेथे तोच मजकूर सम आणि विषम अशा दोन्ही हेडरांत ठेवावा लागतो. प्रकरणाचे नाव आपोआप येण्यासाठी प्रश्न ६ पाहावा.

४. दुसऱ्या प्रकरणाचा हेडर बदलला की पहिल्याचाही बदलतो. असे का होते?

याची कारणे दोन असू शकतात. एक तर दोन प्रकरणांच्या मध्ये नुसता 'पेज ब्रेक' असेल. त्याने पान बदलते, सेक्शन बदलत नाही. आणि वर्डमध्ये हेडर सेक्शनचा असतो, पानाचा नसतो. अशा वेळी 'लेआउट' मेनूतील 'ब्रेक्स'मधून 'नेक्स्ट पेज' प्रकारचा सेक्शन ब्रेक द्यावा. दुसरे कारण असे, की सेक्शन ब्रेक दिला तरी नव्या सेक्शनचा हेडर आधीच्या हेडराशी जोडलेलाच राहतो. हेडराच्या कडेला 'सेम ॲज प्रीव्हियस' असे दिसत असेल, तर 'लिंक टू प्रीव्हियस' हे बटण बंद करावे आणि त्यानंतरच मजकूर बदलावा. आधी मजकूर बदलून मग बटण बंद केले, तर मागचा हेडर बिघडून गेलेला असतो.

येथे एक बारीक गोष्ट आहे. हेडर आणि फूटर यांची जोडणी वेगवेगळी असते. शिवाय पहिले पान, सम पाने आणि विषम पाने यांच्यासाठीही ती वेगवेगळी असते. म्हणजे सर्व पर्याय चालू असलेल्या एका सेक्शनमध्ये तीन हेडर आणि तीन फूटर मिळून सहा जोडण्या असतात आणि प्रत्येक स्वतंत्रपणे तोडावी लागते. 'मी लिंक तोडली, तरी बदलतेच' या तक्रारीच्या मुळाशी बहुधा यांतील एखादी राहून गेलेली जोडणी असते.

५. रायटरमध्ये हे 'लिंक टू प्रीव्हियस' कुठे आहे?

ते तेथे नाहीच, कारण रायटरची रचनाच निराळी आहे. तेथे हेडर पान-स्टाइलचा भाग असतो. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुख्य मजकूर यांच्यासाठी वेगवेगळ्या पान-स्टाइल तयार कराव्यात आणि 'इन्सर्ट' मेनूतील 'मॅन्युअल ब्रेक' देताना पुढची पान-स्टाइल निवडावी. प्रत्येक पान-स्टाइलला 'नेक्स्ट स्टाइल'ही ठरवून देता येते, त्यामुळे मुखपृष्ठानंतरचे पान हात न लावता योग्य स्टाइलचे होते. रायटरमध्येही 'सेक्शन' नावाची गोष्ट आहे, पण तिचा हेडराशी संबंध नाही. तिचे काम प्रश्न ११ मध्ये येईल. माझ्या मते शंभरएक पानांच्या दस्तऐवजासाठी रायटरची ही पद्धत अधिक सरळ आहे, फक्त वर्डची सवय विसरावी लागते.

६. तीस प्रकरणे आहेत. प्रत्येकाचे नाव हेडरमध्ये आणण्यासाठी तीस सेक्शन करावेच लागतील का?

नाही, एकही करावा लागणार नाही. वर्डमधील 'स्टाइलरेफ' हे फील्ड नेमके याच कामासाठी आहे आणि पुनरावृत्त मजकुराच्या साधनांत त्याइतके उपयुक्त दुसरे साधन क्वचितच असेल. पूर्वअट एवढीच, की प्रकरणांची शीर्षके 'हेडिंग १' सारख्या स्टाइलमध्ये असली पाहिजेत. नुसती ठळक आणि मोठी केलेली ओळ वर्डच्या लेखी शीर्षक नसते. हेडर उघडून 'इन्सर्ट' मेनूतील 'क्विक पार्ट्स' आणि त्यातील 'फील्ड' निवडावे, यादीतून 'स्टाइलरेफ' घ्यावे आणि 'हेडिंग १' ही स्टाइल सांगावी. प्रत्येक पानावर त्या त्या प्रकरणाचे नाव दिसू लागते. शीर्षक बदलले, प्रकरणे मागेपुढे झाली, तरी हेडर मागोमाग येतो. शीर्षकाला आपोआप क्रमांक दिला असेल, तर तो या फील्डमध्ये येत नाही. त्यासाठी शेजारी दुसरे स्टाइलरेफ घालून त्यात 'इन्सर्ट पॅराग्राफ नंबर' हा पर्याय निवडावा.

हे फील्ड शोध कसा घेते, हे माहीत असले की पुढची कोडी सुटतात. हेडरमधील स्टाइलरेफ आधी त्याच पानावर वरून खाली शोधते आणि त्या स्टाइलचा पहिला मजकूर उचलते. पानावर तसा मजकूर नसेल, तर ते मागे दस्तऐवजाच्या आरंभापर्यंत जाते. तेथेही काही सापडले नाही, तर पुढे शेवटापर्यंत. म्हणूनच नवे प्रकरण पानाच्या मध्यावर सुरू होत असेल, तर त्या पानाच्या वरच्या भागात जुन्या प्रकरणाचा मजकूर असूनही हेडरमध्ये नव्याचे नाव येते. शीर्षकाच्या स्टाइलमध्येच 'पेज ब्रेक बिफोर' लावून प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू करणे, हा त्यावरचा स्वच्छ उपाय आहे.

आणखी एक सूचना: वर्डच्या मेनूंची भाषा वेगळी असलेल्या संगणकावर 'हेडिंग १' या अंगभूत स्टाइलचे नाव बदललेले असते आणि नावाने केलेला शोध अयशस्वी होऊ शकतो. फील्डमध्ये स्टाइलच्या नावाऐवजी नुसता 1 हा इंग्रजी अंक लिहिला, तर कोणत्याही भाषेच्या वर्डमध्ये ते पहिल्या पातळीचे शीर्षक शोधते. रायटरमध्ये हेच काम 'मोअर फील्ड्स'च्या 'डॉक्युमेंट' टॅबमधील 'चॅप्टर' फील्ड करते. नव्या आवृत्त्यांत त्याचे नाव 'हेडिंग' असे दिसते. गूगल डॉक्समध्ये असे फील्ड नाही. तेथे सेक्शन ब्रेक देऊन हेडर हातानेच लिहावे लागतात.

७. पक्षकाराचे (किंवा प्रकल्पाचे) नाव करारात चाळीस ठिकाणी येते. ते एकदाच लिहून सगळीकडे कसे आणावे?

वर्डमध्ये यासाठीचा सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे 'क्विक पार्ट्स'मधील 'डॉक्युमेंट प्रॉपर्टी'. त्यातील 'टायटल', 'सब्जेक्ट', 'कंपनी' यांपैकी एखादी निवडली की मजकुरात एक चौकट येते. तीच चौकट हव्या तितक्या ठिकाणी, हेडरमध्येसुद्धा, घालावी. यांपैकी कोणत्याही एका चौकटीत नाव बदलले की बाकी सर्व चौकटी तत्काळ बदलतात. कोणतीही की दाबावी लागत नाही, हा या मार्गाचा मोठा गुण.

मर्यादा अशी, की यादीतील प्रॉपर्टी मोजक्या असतात. त्या कमी पडल्या म्हणून काही जण 'कंपनी फॅक्स'सारख्या रिकाम्या जागेत भलताच मजकूर भरतात. दिसायला ते चालते. पण ती माहिती फाइलच्या आत त्याच चुकीच्या नावाने साठते आणि फाइल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर गोंधळ घालते. अधिक नावे हवी असतील, तर 'फाइल' मेनूतील 'इन्फो', तेथून 'ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज' आणि मग 'कस्टम' टॅबमध्ये स्वतःच्या प्रॉपर्टी तयार कराव्यात आणि त्या 'डॉकप्रॉपर्टी' फील्डने मजकुरात आणाव्यात. ही फील्डे मात्र स्वतःहून बदलत नाहीत. प्रश्न ९ पाहावा.

रायटरमध्ये 'मोअर फील्ड्स'च्या 'व्हेरिएबल्स' टॅबमध्ये 'यूझर फील्ड' असते. त्याला नाव आणि किंमत द्यावी. किंमत बदलली की सर्व ठिकाणे बदलतात.

मराठीपुरती एक अडचण या सर्व मार्गांना लागू आहे. नावाला विभक्ती लागते आणि विभक्तीपूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. 'पाटील' या फील्डला 'ने' चिकटवून 'पाटीलने' करता येत नाही, 'पाटलांनी' हवे असते. त्यामुळे मसुदाच असा करावा की फील्डमधील नाव नेहमी मूळ रूपात राहील: 'पाटील यांनी', 'पाटील यांचा', 'पाटील यांच्याकडून'. करारांच्या भाषेला ही रचना शोभतेही.

८. बुकमार्क करून 'रेफ' फील्ड लावले होते. आता 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असे येते. मजकूर तर तिथेच आहे!

बुकमार्क म्हणजे मजकुराच्या एखाद्या तुकड्याला दिलेले नाव, आणि 'रेफ' फील्ड त्या नावाचा मजकूर दुसरीकडे आणते. येथे मजकूर आहे, पण बुकमार्क गेला आहे. बुकमार्क केलेले शब्द संपूर्ण निवडून त्यांवर नवे शब्द टाइप केले, की जुन्या शब्दांबरोबर बुकमार्कही पुसला जातो. 'ऑप्शन्स'मधील 'ॲडव्हान्स्ड' विभागात 'शो बुकमार्क्स' चालू केले की बुकमार्कभोवती करडे कंस दिसतात. दुरुस्ती नेहमी त्या कंसांच्या आत राहून करावी, म्हणजे नवे शब्द आधी मध्ये घालावेत आणि मग जुने काढावेत. 'क्रॉस-रेफरन्स'ने केलेल्या संदर्भांमागेही असाच, पण अदृश्य बुकमार्क असतो. शीर्षकाच्या अगदी आरंभी कर्सर ठेवून एंटर दाबून नवा परिच्छेद लिहिला, तर तो परिच्छेदही त्या बुकमार्कात शिरतो आणि संदर्भाच्या जागी सगळा परिच्छेद उमटतो. ज्या मजकुरात वारंवार बदल होणार आहेत, त्यासाठी बुकमार्कापेक्षा प्रश्न ७ मधील चौकट अधिक टिकाऊ आहे.

९. मूळ मजकूर बदलला, तरी फील्डमध्ये जुनेच दिसते. कंट्रोल+ए आणि एफ९ दाबूनही हेडर बदलत नाही. का?

फील्डमध्ये दिसतो तो आधी काढून ठेवलेला निकाल असतो. तो पुन्हा काढायला एफ९ दाबून सांगावे लागते. कंट्रोल+ए केल्यावर निवडला जातो तो केवळ मुख्य मजकूर. हेडर, फूटर, तळटीपा आणि मजकूर-चौकटी हे वर्डच्या दृष्टीने वेगळे प्रवाह आहेत, त्यामुळे त्यांतील फील्डे एफ९ ला दाद देत नाहीत. त्या त्या ठिकाणी कर्सर नेऊन पुन्हा निवड करावी आणि एफ९ दाबावे. हेडर-फूटरमधील फील्डे छपाईपूर्व दृश्य उघडले तरी बहुधा ताजी होतात. 'ऑप्शन्स'मधील 'डिस्प्ले' विभागात 'अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग' ही खूण करून ठेवणे शहाणपणाचे आहे. काही लॅपटॉपवर एफ९ साठी 'एफएन' की सोबत दाबावी लागते; अनेकांचा प्रश्न तेथेच सुटतो.

एवढे करूनही एखादे फील्ड हलत नसेल, तर ते कुलूपबंद असण्याची शक्यता आहे. कंट्रोल+एफ११ ने फील्ड बंद होते आणि कंट्रोल+शिफ्ट+एफ११ ने खुले होते. फील्डच नाही, साधा मजकूर उरला आहे, असा संशय असेल तर ऑल्ट+एफ९ दाबावे: सर्व फील्डांच्या जागी त्यांची सूत्रे दिसतात, आणि जेथे सूत्र दिसत नाही तेथे कोणीतरी फील्ड तोडलेले आहे. रोज मोठे दस्तऐवज हाताळणाऱ्यांनी सर्व प्रवाहांतून फिरून फील्डे ताजी करणारा छोटा मॅक्रो (एका आज्ञेवर चालणारी कृतींची साखळी) करून घ्यावा. रायटरमध्ये 'टूल्स' मेनूतील 'अपडेट'मध्ये 'अपडेट ऑल' आहे आणि ते एका झटक्यात हे काम करते.

१०. ठरावीक परिच्छेद दर पत्रात लागतो. तो टाइप न करता कसा आणावा?

परिच्छेद निवडून ऑल्ट+एफ३ दाबावे आणि त्याला लहानसे नाव द्यावे. पुढे ते नाव टाइप करून एफ३ दाबले की संपूर्ण परिच्छेद रचनेसह येतो. रायटरमध्ये 'ऑटोटेक्स्ट'ची खिडकी कंट्रोल+एफ३ ने उघडते आणि संक्षेपानंतर एफ३ दाबावे लागते. एकदोन शब्दांसाठी 'ऑटोकरेक्ट' पुरेसे आहे, आणि गूगल डॉक्समध्ये 'प्रेफरन्सेस'मधील 'सबस्टिट्यूशन्स'. मात्र या सर्व साधनांनी येते ती प्रत. साठवलेला परिच्छेद उद्या बदलला, तरी काल पाठवलेल्या पत्रातला बदलत नाही. पत्रांसाठी तेच योग्य आहे. बदल मागोमाग यायला हवा असेल, तर पुढचा प्रश्न पाहावा.

११. एकच अटींचा मजकूर वीस वेगवेगळ्या फाइलींत आहे. एका ठिकाणी बदलून सगळीकडे बदलता येईल का?

येईल. अटी वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात आणि इतर फाइलींत 'इन्सर्ट' मेनूतील 'ऑब्जेक्ट' बटणाच्या बाणाखालच्या 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'मधून, 'इन्सर्ट'ऐवजी 'इन्सर्ट ॲज लिंक' निवडून आणाव्यात. यातून 'इनक्लूडटेक्स्ट' फील्ड तयार होते. मूळ फाइलमधील एखाद्या बुकमार्कपुरताच भागही आणता येतो. त्यासाठी तीन पथ्ये पाळावीत. मूळ फाइलची जागा आणि नाव बदलू नये, कारण फील्डमध्ये तिचा पूर्ण पत्ता असतो. दोन्ही फाइलींत एकाच नावाच्या स्टाइल असतील, तर आणलेला मजकूर यजमान फाइलच्या स्टाइलचे रूप घेतो हे धरून चालावे. आणि आणलेल्या मजकुरात थेट दुरुस्ती करू नये, कारण पुढच्या एफ९ बरोबर ती पुसली जाते. कंट्रोल+शिफ्ट+एफ७ ने ती दुरुस्ती मूळ फाइलमध्ये उलट पाठवता येते खरी. परंतु वीस फाइलींची मदार असलेला मजकूर अशा चोरवाटेने बदलणे मला धोक्याचे वाटते.

रायटरमध्ये 'इन्सर्ट' मेनूतील 'सेक्शन' उघडून 'लिंक'वर खूण करावी आणि फाइल निवडावी. तो सेक्शन 'प्रोटेक्टेड' करता येत असल्याने चुकून होणारी दुरुस्ती टळते.

१२. पत्रावर तारीख आपोआप येते, पण जुने पत्र उघडले की त्यावर आजची तारीख दिसते.

'डेट' फील्ड नेहमी आजचीच तारीख दाखवते. टेम्प्लेटमध्ये 'क्रिएटडेट' वापरावे. टेम्प्लेटवरून नवे पत्र उघडले, त्या दिवसाची तारीख त्यावर कायम राहते. जुन्या पत्राला 'सेव्ह ॲज' करून नवे पत्र केले, तर तीही नव्या प्रतीची होते. शेवटच्या साठवणीची तारीख हवी असल्यास 'सेव्हडेट' आहे. रायटरमध्ये तारखेच्या फील्डचा 'फिक्स्ड' हा प्रकार घ्यावा.

१३. तक्ता पाच पाने चालतो. वरची शीर्ष ओळ दर पानावर कशी यावी?

पहिली ओळ (किंवा पहिल्यापासूनच्या सलग ओळी) निवडून तक्त्याच्या 'लेआउट' मेनूतील 'रिपीट हेडर रोज' दाबावे. गूगल डॉक्समध्ये त्याला 'पिन हेडर रो' म्हणतात. वर्डमध्ये हे चालत नसेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात: निवडीत पहिली ओळ आहे का, तक्त्याच्या मध्ये हाताने पेज ब्रेक दिलेला तर नाही ना, आणि तक्त्याच्या गुणधर्मांत 'टेक्स्ट रॅपिंग' हे 'नन' आहे का. दुसऱ्या पानापासून त्या ओळीत 'पुढे चालू' असे वेगळे शब्द घालण्याची सोय वर्डमध्ये नाही.

१४. 'मसुदा' हा वॉटरमार्क काही पानांवर दिसतो, काहींवर दिसत नाही.

वॉटरमार्क हा हेडरमध्ये अडकवलेला चित्रमजकूर असतो, त्यामुळे हेडराचे सर्व नियम त्याला लागू होतात. वॉटरमार्क घातल्यानंतर 'डिफरंट फर्स्ट पेज' चालू केले, तर पहिल्या पानाच्या नव्या हेडरमध्ये तो नसतो. पुन्हा घालावा लागतो. रंग भरलेले तक्ते आणि मोठी चित्रे यांच्या मागेही तो झाकला जातो. हाच गुण उलट वापरता येतो: हेडर उघडा असताना घातलेली मजकूर-चौकट पानाच्या कडेला कोठेही नेऊन ठेवली, तरी ती प्रत्येक पानावर तेथेच दिसते. समासातील उभ्या पट्ट्या अशाच केलेल्या असतात.

१५. शब्दकोशासारखा, पानावरचा पहिला आणि शेवटचा शब्द हेडरमध्ये आणता येतो का?

येतो, स्टाइलरेफनेच. नोंदीच्या मूळ शब्दांना एक अक्षर-स्टाइल द्यावी आणि हेडरमध्ये तिचीच दोन स्टाइलरेफ फील्डे घालावीत. पहिले साधे ठेवावे. दुसऱ्यात 'सर्च फ्रॉम बॉटम ऑफ पेज टू टॉप' हा पर्याय निवडावा, म्हणजे ते पानाच्या तळापासून वर शोधते आणि शेवटची नोंद उचलते. सदस्यसूची, शब्दावली, कलमवार कायदेसंग्रह यांनाही ही रीत फार उपयोगी पडते.

१६. प्रस्तावनेच्या पानांवरही पहिल्या प्रकरणाचे नाव येते. आणि एका ठिकाणी तर त्रुटीचा संदेशच छापला गेला.

पहिली गोष्ट प्रश्न ६ मधील शोधक्रमामुळे होते: प्रस्तावनेच्या पानावर आणि त्यामागे शीर्षक सापडले नाही, म्हणून फील्ड पुढे गेले. 'प्रस्तावना' या शब्दालाच 'हेडिंग १' द्यावे, किंवा तो भाग वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवून त्याच्या हेडरमधून फील्ड काढावे. त्रुटीचा संदेश येतो तो त्या स्टाइलचा मजकूर संपूर्ण दस्तऐवजात कोठेच नसेल तेव्हा. बहुधा स्टाइलचे नाव बदललेले असते.

१७. शीर्षक फार लांब आहे आणि हेडरमध्ये दोन ओळी होतात.

शीर्षकातील थोडेच पण पुरेसे शब्द निवडून त्यांना एक स्वतंत्र अक्षर-स्टाइल द्यावी. तिचे दृश्य रूप शीर्षकासारखेच ठेवावे. हेडरमधील स्टाइलरेफला 'हेडिंग १' ऐवजी ही स्टाइल सांगितली की तेवढेच शब्द वर जातात. निवडलेले शब्द सलग असावेत.

१८. शीर्षक व्यवस्थित दिसते, पण हेडरमध्ये आल्यावर अक्षरे वेगळीच किंवा अगम्य दिसतात.

फील्डने आणलेला मजकूर हेडराच्या स्टाइलचे रूप घेतो. वर्ड आणि रायटर दोन्ही देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार नोंदवून ठेवतात. वर्डच्या फॉन्ट खिडकीत तो 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'खाली असतो. हेडर स्टाइलमध्ये नुसता वरचा फॉन्ट बदलून देवनागरीवर परिणाम होत नाही, खालचाही बदलावा लागतो. अगम्य रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत असतील, तर शीर्षक युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे. तेथे फॉन्ट हरवला की अर्थही हरवतो. हेडराला तोच फॉन्ट देऊन वेळ मारून नेता येईल, परंतु अनुक्रमणिका, शोध आणि पीडीएफ यांत तोच त्रास पुन्हा होणार असल्याने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणेच श्रेयस्कर.

१९. शेवटचे पान सोडून इतर सर्व पानांच्या तळाशी 'पुढील पान पाहा' असे हवे आहे.

फूटरमध्ये कंट्रोल+एफ९ दाबावे. महिरपी कंसांची जोडी उमटते. हे कंस कीबोर्डवरून टाइप केले तर चालत नाहीत. आत 'इफ' लिहावे, मग पुन्हा कंट्रोल+एफ९ दाबून नव्या कंसांत 'पेज' लिहावे, बाहेर येऊन 'पेक्षा लहान' हे चिन्ह (<) द्यावे, पुन्हा कंसांत 'नमपेजेस', आणि शेवटी दुहेरी अवतरणचिन्हांत 'पुढील पान पाहा' हे शब्द. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आवश्यक आहे. ती द्यायची राहिली की सूत्र गप्प बसते. नंतर एफ९ दाबावे. दस्तऐवजात पानांचे क्रमांक मध्येच पुन्हा १ पासून सुरू होत असतील, तर ही तुलना फसते. त्याचा विचार पुढच्या उत्तरात आहे.

२०. मेल मर्ज करून (एकाच मसुद्यातून यादीतील प्रत्येकाच्या नावाचे पत्र) पत्रे काढली. प्रत्येक पत्र दोन पानांचे आहे, पण फूटरमध्ये एकूण पाने चारशे दिसतात.

मर्ज केलेल्या एकत्रित फाइलमध्ये प्रत्येक पत्र हा स्वतंत्र सेक्शन असतो, तर 'नमपेजेस' संपूर्ण फाइलची पाने मोजते. मूळ पत्रात त्याऐवजी 'सेक्शनपेजेस' घालावे आणि मर्ज करण्यापूर्वी पानांचे क्रमांक १ पासून सुरू होतील अशी मांडणी करावी. प्रश्न १९ मधील सूत्रातही हाच बदल करावा. पत्राच्या मसुद्यात आधीच एकाहून अधिक सेक्शन असतील, तर मात्र सेक्शनची पाने आणि पत्राची पाने एक राहत नाहीत. अशा वेळी पत्राचा मसुदा एका सेक्शनमध्ये बसवणे, हाच कमी त्रासाचा मार्ग.

२१. नको असलेला सेक्शन ब्रेक काढला आणि आधीच्या पानांचा हेडर नाहीसा झाला.

वर्डमध्ये सेक्शनची मांडणी त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठलेली असते. ब्रेक काढला की त्याच्या वरचा मजकूर खालच्या सेक्शनमध्ये सामील होतो आणि त्याचेच हेडर, समास व पानाची दिशा घेतो. अपेक्षा नेमकी उलट असते, म्हणून धक्का बसतो. आधी 'अनडू' करावे. मग खालच्या सेक्शनमध्ये जाऊन 'लिंक टू प्रीव्हियस' चालू करावे, म्हणजे वरचा हेडर खाली येतो; हे प्रत्येक प्रकारच्या हेडर-फूटरसाठी (प्रश्न ४) करावे, आणि त्यानंतर ब्रेक काढावा. समास किंवा पानाची दिशा वेगळी असेल, तर तीही खालच्या सेक्शनमध्ये आधी जुळवून घ्यावी.

२२. फाइल दुसऱ्याला पाठवायची आहे. तिकडे फील्डे बिघडणार नाहीत ना?

पाहण्यासाठीच पाठवायची असेल, तर सर्व फील्डे ताजी करून (प्रश्न ९) पीडीएफ पाठवावी. समोरच्याला संपादन करायचे असेल, तर धोका असतो तो मुख्यतः 'इनक्लूडटेक्स्ट'चा, कारण मूळ फाइल त्याच्या संगणकावर नसते. त्याने एफ९ दाबले की मजकुराच्या जागी त्रुटीचा संदेश येतो. पाठवण्याच्या प्रतीत तेवढी फील्डे निवडून कंट्रोल+शिफ्ट+एफ९ दाबावे, म्हणजे त्यांचा साधा मजकूर होतो. हे परत फिरवता येत नसल्याने मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी आणि ही कृती प्रतीवरच करावी. स्टाइलरेफ, पृष्ठक्रमांक आणि प्रॉपर्टीच्या चौकटी फाइलच्या आतल्याच माहितीवर चालतात. वर्डमधून वर्डमध्ये जाताना त्यांना काही होत नाही.